१९४०ची आठवण, १९४५चं वचन आणि आजचं ब्रिटन

धागाकर्ता : थेम्सकाठचा

नोव्हेंबर लागला की इथे ब्रिटनमध्ये लोकांच्या कोटांवर कागदाची लाल पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ लावायचं फूल, दिसू लागते. टीव्हीवर बातम्या देणारे, फुटबॉलचे खेळाडू, बसचालक, शाळकरी मुलं, सगळ्यांच्या छातीवर ती असते. लहानात लहान गावात चर्चजवळ एक दगडी स्मारक असतंच. त्यावर १९१४-१८ची नावं आधी कोरलेली आणि १९३९-४५ची नंतर, मिळेल त्या जागेत बसवलेली. बऱ्याचदा आडनावं तीच.

इथे बरीच वर्षं राहिल्यावर माझं एक मत बनलं आहे, ते मांडतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

ब्रिटिश माणूस स्वतःबद्दल बोलू लागला की दोन गोष्टींचा अभिमान हमखास निघतो. पहिली १९४० : डंकर्क (फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सैन्याची झालेली सुटका), लंडनवरचे बॉम्ब, चर्चिलची भाषणं, 'आम्ही एकटे उभे राहिलो'. दुसरी एनएचएस, म्हणजे कुणालाही पैसे न मोजता उपचार देणारी सरकारी आरोग्यसेवा. आज या दोन्ही गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या जातात. पहिली उजव्यांची, दुसरी डाव्यांची, असंच जणू वाटून घेतलंय. पण ज्या पिढीने युद्ध भोगलं तिच्यासाठी हे दोन विषय नव्हतेच. लोक बॉम्बखाली टिकून राहिले ते 'यानंतर पूर्वीसारखं जगायचं नाही' या बोलीवर.

पूर्वीसारखं म्हणजे कसं, ते बघायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर पंतप्रधान लॉइड जॉर्जने सैनिकांना वीरांना शोभतील अशी घरं देण्याचं वचन दिलं होतं. मिळाली मंदी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बेकारांची संख्या ३० लाखांच्या आसपास गेली. १९३६ साली जॅरो या जहाजबांधणीच्या गावातून सुमारे २०० बेकार माणसं काम मागायला लंडनपर्यंत पायी चालत आली आणि रिकाम्या हाताने परत गेली. म्हणजे एकदा फसवणूक झालेली होती. दुसऱ्या वेळी लोकांनी युद्ध चालू असतानाच हिशेब मागितला.

डिसेंबर १९४२मध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिजचा अहवाल आला. सामाजिक विम्याबद्दलचा, आकडेमोडीने भरलेला रुक्ष सरकारी अहवाल. तो विकत घ्यायला रांगा लागल्या आणि त्याच्या सहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. गरजा न भागणं, आजार, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी असे पाच राक्षस त्याने दाखवले आणि त्यांना एकत्रच मारायला हवं असं सांगितलं. तेव्हा स्टालिनग्राडची लढाई चालू होती, युद्धाचा शेवट दृष्टिपथातही नव्हता, आणि सैनिक तळांवर या अहवालावर चर्चा करत होते.

मग २६ जुलै १९४५चा निकाल. ज्याने युद्ध जिंकून दिलं त्या चर्चिलला लोकांनी घरी बसवलं. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. बाहेरच्या जगाला याचा धक्का बसला. मतदारांच्या बाजूने बघितलं तर यात कृतघ्नपणा अजिबात नव्हता. चर्चिलचे उपकार ते मानत होते, पण १९३०च्या दशकात सत्तेवर असलेल्या त्याच्या पक्षावर त्यांचा विश्वास नव्हता.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. देश कफल्लक होता. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६मध्ये फेडला. युद्धकाळात कधी रेशनवर नसलेला पाव १९४६मध्ये रेशनवर आला. मांसावरचं रेशनिंग उठायला जुलै १९५४ उजाडलं. अशा ओढगस्तीत ५ जुलै १९४८ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हनने मँचेस्टरजवळच्या एका रुग्णालयात एनएचएस सुरू केली. 'आधी पैसा येऊ दे, मग बघू' असं म्हणत ते बसले असते तर ती कधीच झाली नसती.

आता आजचं बघा. 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा आणि चालू ठेवा) हे पोस्टर आपण सगळ्यांनी कपांवर, टीशर्टांवर बघितलंय. ते १९३९ साली सुमारे २५ लाख छापलं गेलं, पण जवळपास कुठेच लावलं गेलं नाही. बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. एक प्रत २००० साली अ‍ॅल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली आणि मग जगभर पसरली. म्हणजे युद्ध भोगलेल्या पिढीने जे पाहिलंच नाही, ते तिच्या नातवंडांनी तिची ओळख म्हणून स्वीकारलं. उलट त्या पिढीने ज्यासाठी रांगा लावल्या तो बेव्हरिजचा अहवाल आज कुणाच्या कपावर नाही.

आठवण जपली आणि वचन विसरलं गेलं, असं झालंय का? तुम्हाला काय वाटतं?

---

खडकीकर

धागा फार आवडला. पण 'एकटे' या शब्दापाशी मी अडलो.

१९३९च्या डिसेंबरात भारतीय सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या मुंबई बंदरातून फ्रान्सला निघाल्या. फोर्स के-सिक्स हे त्यांचं नाव. बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. मोटारी जिथे चिखलात रुतत तिथे ही खेचरं माल पोचवत. यातले बरेच जण डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला पोचले, एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. डंकर्कहून सुटलेल्या ३ लाख ३८ हजारांत आपलीही माणसं होती, हे तिथल्या किती शाळांत शिकवतात?

आणि ही माणसं कुणाला विचारून गेली? ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं. स्वेच्छेने भरती झालेलं एवढं मोठं सैन्य जगात दुसरं नव्हतं.

आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. मराठा लाइट इन्फंट्री. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हे एकटे मशीनगनवर चालून गेले आणि ती बंद पाडली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुढच्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं आणि शत्रूची ठाणी उडवली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

'एकटे'मध्ये हे सगळे गृहीत धरलेले आहेत, आणि गृहीत धरलेली माणसं दिसत नाहीत. माझा राग एवढ्यासाठीच आहे.

---

दर्याकाठ

खडकीकर, सैन्याचं तुम्ही लिहिलंत, मी खलाशांचं लिहितो.

ब्रिटन बेट आहे. तिथला गहू, साखर, चहा, पेट्रोल सगळं बोटीने यायचं, आणि त्या बोटींच्या इंजिनखोल्यांत कोळसा टाकणारे, डेक घासणारे, स्वयंपाक करणारे हजारो लोक रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे, गुजरातचे होते. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की इंजिनखोलीतला माणूस वर येणं अवघड. आमच्या खाडीकाठच्या गावात अशी घरं होती जिथला कर्ता माणूस बोटीवर गेला आणि नुसती तार आली. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत ही आठवण आजही आहे.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय नौसैनिकांचं आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक आहे. सहा हजारांहून जास्त नावं. ज्यांना दुसरं थडगं नाही अशी माणसं. मुंबईत जन्म काढलेल्यांनाही हे ठाऊक नसतं.

आणि १४ एप्रिल १९४४ची गोदीतली आग. फोर्ट स्टिकिन हे जहाज स्फोटकं आणि कापूस एकत्र घेऊन व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यासाठीच. बातमीवर जवळपास महिनाभर सेन्सॉर होता. लंडनच्या ब्लिट्झची, म्हणजे १९४०-४१मधल्या जर्मन बॉम्बफेकीची, आठवण जग करतं. तीच लढाई मुंबईच्या भायखळा-मांडवीपर्यंत येऊन पोचली होती, हे मात्र ब्रिटनच्या गोष्टीत कुठेच येत नाही.

---

अनुराधा_एस

सुंदर चर्चा. छोटीशी भर घालते.

बेव्हरिजचा जन्म १८७९चा, रंगपूरचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील आयसीएस अधिकारी. आई अ‍ॅनेट यांनी बाबरनाम्याचा इंग्रजी अनुवाद केला. १९४४चा शिक्षण कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो रॅब बटलर अटकेचा, पंजाबातला. आणि पंतप्रधान अ‍ॅटली १९२८ साली सायमन कमिशनचे सदस्य म्हणून मुंबईला उतरले होते, काळ्या झेंड्यांच्या स्वागतात.

त्या कल्याणकारी राज्याचे शिल्पकार साम्राज्याच्या घरात वाढलेले होते. घरच्या लोकांसाठी विमा, शाळा, दवाखाना. आणि वसाहतींतल्या लोकांसाठी? हा प्रश्न त्यांना किती पडला असेल, याचं मला कुतूहल आहे.

---

वस्तुनिष्ठ

धागाकर्त्यांचा सूर मला थोडा भाबडा वाटला. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

'सगळे एकजुटीने उभे राहिले' ही युद्धकाळातल्या सरकारी प्रचाराने घडवलेली प्रतिमा आहे. बॉम्ब पडलेल्या घरांतून लूट होत होती, त्यावर खटले चालले. लंडनच्या भुयारी रेल्वेची स्थानकं निवारा म्हणून वापरू द्यायला सरकार आधी तयार नव्हतं. लोक तिकीट काढून आत गेले आणि बाहेरच आले नाहीत, तेव्हा सरकार नमलं. ईस्ट एंडचे गरीब साध्या निवाऱ्यांत दाटीवाटीने बसत असताना सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात श्रीमंतांसाठी गाद्या होत्या. सप्टेंबर १९४०मध्ये ईस्ट एंडचे कम्युनिस्ट कार्यकर्ते थेट त्या तळघरात जाऊन बसले. ३ मार्च १९४३ला बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसं मेली. एकही बॉम्ब पडलेला नव्हता. ती घटनाही दाबली गेली.

आणि बंगाल. १९४३च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली असा अंदाज आहे. धान्याची मागणी लंडनकडे वारंवार गेली, चर्चिलच्या मंत्रिमंडळाने ती पुरेशी मान्य केली नाही. २००२ साली बीबीसीने घेतलेल्या मतदानात हाच चर्चिल 'सर्वश्रेष्ठ ब्रिटन' ठरला. ज्या वर्षी ब्रिटनमध्ये बेव्हरिजच्या अहवालावर गप्पा चालल्या होत्या, त्याच वर्षी कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती. मला हे दोन वेगळे इतिहास म्हणून वाचता येत नाहीत.

हिशेबाचीही एक गोष्ट. युद्धाच्या शेवटी ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं, स्टर्लिंग शिलकीच्या रूपात. भारताने माल दिला, माणसं दिली, पैसे 'नंतर' मिळणार होते. अमेरिकेचं कर्ज धागाकर्त्यांना आठवलं, हे आठवलं नाही.

---

थेम्सकाठचा (धागाकर्ता)

वस्तुनिष्ठ, राग मुळीच नाही. बंगालबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. १३० कोटींचा मुद्दा इथे यायलाच हवा होता, मांडलात हे उत्तम.

पण सॅव्हॉयच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. 'आम्ही मरतोय तर सगळ्यांना सारखा निवारा हवा' ही मागणी बॉम्बखाली झाली, आणि तीच पुढे १९४५च्या मतपेटीत उतरली. एकजूट आयती मिळाली नव्हती, भांडून मिळवली होती. प्रचारपटांत फक्त एकजूट दिसते. भांडण कापून टाकलेलं असतं.

आणि ब्लिट्झमध्ये ४० हजारांहून जास्त सामान्य नागरिक मेले. ती माणसं खरी होती. प्रतिमा खोटी म्हणून त्यांचं दुःख कमी मोजू नये एवढीच विनंती.

---

क्लाइडकाठ

मी ग्लासगोजवळ असतो, इथून ही गोष्ट वेगळी दिसते.

क्लाइडबँक इथून हाकेच्या अंतरावर. १३ आणि १४ मार्च १९४१ अशा दोन रात्री जर्मन विमानांनी हे जहाजबांधणीचं गाव भाजून काढलं. हजारो घरांतली बोटांवर मोजण्याइतकीच शाबूत राहिली. पण 'ब्लिट्झ' म्हटलं की लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट डोळ्यांसमोर येतो, क्लाइडबँक येत नाही. बेलफास्टचंही तसंच. एप्रिल १९४१मध्ये तिथे एका रात्रीत शेकडो माणसं मेली, तेव्हा तटस्थ आयर्लंडमधून, डब्लिनहून, आगीचे बंब सीमा ओलांडून मदतीला आले. उत्तर आयर्लंडमध्ये आजही पॉपी लावायची की नाही यावरून माणसाची बाजू ओळखतात. म्हणून 'ब्रिटिश आठवण' असं एकवचनी लिहिताना मी बिचकतो.

स्कॉटलंडमधल्या माझ्या पिढीच्या मित्रांशी बोलताना मला जाणवतं ते असं : त्यांच्या आजोबांना ब्रिटिशपणाचा अर्थ युद्धापेक्षा नंतरच्या गोष्टींत सापडला. सरकारी घर, मोफत दवाखाना, राष्ट्रीयीकृत खाणी, रेल्वे. त्या आधारावर ते ब्रिटिश होते. १९८०च्या दशकात गोद्या आणि खाणी बंद पडल्या, सरकारी घरं विकली गेली, तसा तो आधार सुटत गेला. २०१४च्या सार्वमतात स्वातंत्र्यवाद्यांचा एक मोठा मुद्दा 'एनएचएस वाचवायची तर वेगळं व्हा' हा होता. ज्या संस्थेने ब्रिटन बांधलं तिच्याच नावाने ब्रिटनमधून बाहेर पडायची भाषा! धागाकर्त्यांच्या मताला याहून मोठा पुरावा मला दिसत नाही. वचन मोडतं तेव्हा नुसत्या आठवणीने लोक एकत्र राहत नाहीत.

वेल्सबद्दल एक. बेव्हन ट्रेडिगर या खाणगावचा. तिथल्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. बेव्हनने तोच नमुना देशभर नेला. एनएचएसचं मूळ लंडनच्या मंत्रालयात शोधू नये.

---

शुभ्रा

बरेच दिवस वाचनमात्र होते, आता राहवत नाही. मी एनएचएसमध्ये डॉक्टर आहे, वृद्धांच्या विभागात.

१९४८पूर्वी विमा कामगाराला होता, त्याच्या बायकोला आणि मुलांना नव्हता. त्यामुळे आई सगळ्यात शेवटी डॉक्टरकडे जायची, बहुतेकदा जायचीच नाही. सेवा सुरू झाली तेव्हा वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन बायका आल्या. चष्मे आणि दातांच्या कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की खर्चाचे सगळे अंदाज चुकले. नव्वदीतल्या एका आजींनी मला सांगितलं होतं की त्यांच्या आईने डॉक्टरच्या फीसाठी कपाटावर एक डबा ठेवलेला असे, आणि त्या डब्याला भाड्यासाठीही हात लावायची परवानगी नव्हती. अशा माणसांना एनएचएसबद्दल जे वाटतं ते आपल्याला बाहेरून कळणार नाही. एका हुजूरपक्षीय अर्थमंत्र्यानेच लिहून ठेवलंय की इंग्रजांना धर्मासारखं काही असेल तर ते एनएचएस.

आता आपल्या माणसांकडे येते. इंग्लिश डॉक्टरांना नको असलेली कामं होती : वृद्धोपचार, मनोरुग्णालयं, खाणींच्या दऱ्यांतली आणि गरीब शहरी वस्त्यांतली जनरल प्रॅक्टिस. तिथे १९६०-७०च्या दशकांत भारत, पाकिस्तान, श्रीलंकेहून आलेले डॉक्टर उभे राहिले. मुंबई, पुणे, नागपूर, मिरजेहून शिकून आलेले मराठी डॉक्टर त्यात होते. माझ्या विभागातले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, सांगतात की शल्यविभागात जागा मागितली की हसून 'वृद्धांकडे बघा' असं उत्तर मिळायचं. मग त्यांनी तोच विभाग असा नावारूपाला आणला की पुढे इंग्लिश विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकायला रांग लावू लागले.

२७ जुलै २०१२च्या ऑलिंपिक उद्घाटनात मैदानभर रुग्णालयाच्या खाटा होत्या आणि खरे परिचारक-डॉक्टर नाचत होते. १९४८ साली कॅरिबियनमधून एम्पायर विंडरश जहाजाने आलेल्या माणसांचं चित्रणही त्याच सोहळ्यात होतं. ती संध्याकाळ मला फार जवळची आहे. त्या दिवशी या देशाने आपलं जे चित्र मांडलं त्यात मी होते.

आणि २०२०. गुरुवारी रात्री आठला टाळ्या वाजायच्या. बर्मामध्ये लढलेले कॅप्टन टॉम मूर शंभरीच्या उंबरठ्यावर बागेत फेऱ्या मारून एनएचएससाठी निधी जमवत होते, ३ कोटी पौंडांहून जास्त जमला. युद्धाची आठवण आणि एनएचएस एकाच माणसाच्या रूपात समोर आली म्हणून देश एवढा हेलावला, असं मला वाटतं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत कोविडने गेलेल्या डॉक्टरांची नावं आठवा. जवळपास सगळी आफ्रिका आणि आशियातून आलेल्यांची होती. पुढे युद्धासारखं स्मारक झालं तर ती नावं त्यावर कोरली जावीत.

---

कोव्हेंट्रीवासी

शुभ्राताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

मी आमच्या गावाबद्दल सांगतो. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री कोव्हेंट्रीचं मध्ययुगीन कॅथीड्रल जळलं. ते पाडून त्याच जागी नवं बांधता आलं असतं, किंवा होतं तसं हुबेहूब उभारता आलं असतं. दोन्ही केलं नाही. जळक्या भिंती तशाच ठेवून, त्यांना लागून, बेसिल स्पेन्सच्या आराखड्यावर अगदी आधुनिक कॅथीड्रल बांधलं, १९६२ साली ते खुलं झालं. जुन्या वेदीमागे 'पित्या, क्षमा कर' एवढंच कोरलंय. 'त्यांना क्षमा कर' असं लिहिलेलं नाही. आणि १९५९मध्ये या शहराने ड्रेस्डेनशी नातं जोडलं, ब्रिटिश विमानांनीच जाळलेल्या ड्रेस्डेनशी.

म्हणून मला वाटतं, आठवण आणि आशा एकत्र ठेवणं या देशाला जमत नाही असं नाही. जिथे लोकांनी ठरवलं तिथे जमलंय.

---

वस्तुनिष्ठ

कोव्हेंट्रीचं उदाहरण मोलाचं आहे. पण मग २०१६कडे कसं बघायचं? ब्रेक्झिटच्या प्रचारात डंकर्कची, 'पुन्हा एकटे उभे राहू'ची भाषा होती, आणि लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात, ते एनएचएसला देऊ असं लिहिलं होतं. आठवण आणि आशा दोन्ही एकाच बसमध्ये. रक्कम फसवी होती हे सरकारी सांख्यिकी प्राधिकरणानेही सांगितलं.

---

थेम्सकाठचा (धागाकर्ता)

बसचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला होता, तुम्ही काढलात ते बरं झालं.

त्या प्रचारकांना हे नेमकं कळलं होतं की या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच सामान्य ब्रिटिश माणूस हलतो. त्यांनी त्याचा गैरवापर केला, पण ओळखलं अचूक. दुसऱ्या बाजूकडे व्यापाराचे आकडे होते, आपण कोण आणि आपल्याला काय व्हायचंय याबद्दल बोलायला काही नव्हतं.

खडकीकर आणि दर्याकाठ यांच्यासाठी : लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरजवळ, कॉन्स्टिट्यूशन हिलवर, २००२ साली मेमोरियल गेट्स उभारली. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून लढलेल्यांसाठी. शेजारी छोटी छत्री (खांबांवरचा घुमट) आहे, तिच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळालेल्यांची नावं आहेत. युद्ध संपल्यावर ५७ वर्षांनी. उशीर झाला हे खरंच. खलाशांसाठी त्या तोडीचं काही मला तरी लंडनमध्ये दिसलेलं नाही.

आणि एक गोष्ट जी या सगळ्याला जोडते. एम्पायर विंडरशचे प्रवासी टिलबरी बंदरात उतरले २२ जून १९४८ला. एनएचएस सुरू झाली ५ जुलैला. मधे दोन आठवडे सुद्धा नाहीत. उतरलेल्यांत बरेच जण युद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले होते. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आणि वसाहतींतल्या सगळ्यांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दिला. म्हणजे वचन लिहिलं गेलं तेव्हा कागदावर तरी ही माणसं त्यात होती. १९६२पासून कायदे बदलत ती एकेक करून बाहेर काढली गेली, आणि २०१८मध्ये उघड झालं की आयुष्यभर इथे काम केलेल्या म्हाताऱ्यांना 'कागद दाखवा' म्हणून नोकरी, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर पाठवलं गेलं. गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. १९४५च्या वचनाचा याहून मोठा भंग मला माहीत नाही.

---

खडकीकर

छत्रीबद्दल धन्यवाद. मे महिन्यात मुलीकडे येतोय, नक्की जाणार. आत घाडगे आणि जाधव ही दोन्ही नावं शोधेन.

बाय द वे, इटलीत मोंतोने गावात २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवलं. छोट्या गावाने परक्या देशातल्या नाईकाची आठवण ठेवली.

---

शुभ्रा

खडकीकर काका, गेट्सना जाल तर शक्यतो रविवारी सकाळी जा, एरवी तिथे वाहतूक फार.

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते आणि थांबते. वचन विसरलं गेलंय असं मला रुग्णालयात बसून वाटत नाही. इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादीत २०२५मध्ये ७० लाखांहून जास्त उपचार अडकलेले होते, लोक रागावलेले आहेत, रात्री तातडीच्या विभागात मार्गिकेत खाटा लावाव्या लागतात. तरी 'पैसे भरणाऱ्याला आधी घ्या' असं माझ्यासमोर अजून एकाही रुग्णाने म्हटलेलं नाही. ते रांग मोडणाऱ्यावर चिडतात. विसर राज्यकर्त्यांना पडलाय. त्यांना आठवण करून द्यायची असेल तर १९४०च्या जोडीला १९४२चा अहवाल आणि १९४५चा निकाल शाळेत शिकवावा लागेल, आणि त्यात खेचरं घेऊन गेलेले, इंजिनखोलीत राहिलेले आणि वृद्धांच्या विभागात पाठवलेले सगळे यायला हवेत. माझ्या मुलीच्या शाळेत इतिहासाच्या बाईंना मी हा धागा तोंडी सांगणार आहे. दर्याकाठ, सेलर्स होमच्या स्मारकाचे फोटो तुमच्याकडे असतील तर इथे टाकाल का? बाईंना दाखवायला हवेत.